सोमवारी जमवायचं, गुरुवारी जिंकायचं: राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकावरचं दडपण

प्रश्न: मोठ्या सामन्याआधी राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकावर नेमकं कसलं दडपण असतं? आणि चांगले प्रशिक्षक ते हाताळतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात?

उत्तर: पत्रकारांचे खोचक प्रश्न, सोशल मीडियावरच्या शिव्या, गॅलरीतून फेकलेले प्लास्टिकचे ग्लास हे सगळं खरंच घडतं. युरो २०२४ या युरोपीय देशांच्या स्पर्धेत स्लोव्हेनियाशी ०-० बरोबरी झाल्यावर इंग्लंडच्याच प्रेक्षकांनी आपले प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांच्या दिशेने ग्लास भिरकावले होते. पण या कामातला अनुभवी माणूस त्याने फारसा हलत नाही. त्याची झोप उडवते ती वेळेची टंचाई.

क्लबचा प्रशिक्षक शनिवारी हरला तर सोमवारी तेच खेळाडू सरावाला हजर असतात आणि आठवड्याभरात भरपाईची संधी मिळते. राष्ट्रीय प्रशिक्षक मार्चमध्ये हरला की जूनपर्यंत त्याच्या हातात एकही खेळाडू नसतो. फिफाच्या नेहमीच्या विंडोचं, म्हणजे क्लबने खेळाडू देशासाठी सोडायच्या ठरलेल्या काळाचं, गणित बघा. नऊ-दहा दिवस आणि त्यात दोन सामने. खेळाडू शनिवार-रविवारी क्लबसाठी खेळलेले असतात. सोमवारी ते येतात, काही जण तर मंगळवारी सकाळी विमानतळावरून थेट. रविवारी रात्री ९० मिनिटं खेळलेल्याला मंगळवारपर्यंत सायकल, पोहणं, मालिश आणि हलकी धाव यापलीकडे काही देता येत नाही, दिलं तर स्नायू दुखावतो आणि क्लबचा फोन येतो. पहिला सामना गुरुवारी असेल तर पूर्ण जोराचा सराव एकच मिळतो, तोही बहुधा मंगळवारी संध्याकाळी अर्ध्याच खेळाडूंना घेऊन. बुधवारचा सराव ४५ ते ६० मिनिटांचा आणि हातचं राखून. २०२६ पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या विंडो एकत्र करून १६ दिवसांची, चार सामन्यांची एकच विंडो केली आहे. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या सामन्याच्या तयारीला थोडा श्वास मिळतो, पहिल्या सामन्याआधीची घाई मात्र आहे तशीच राहते.

म्हणून राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या बाबतीत माझं एकच ठाम मत आहे: दडपण सहन करण्याची ताकद वगैरे दुय्यम. सामन्याच्या दिवसापर्यंत किती निर्णय शिल्लक ठेवलेत यावर सगळं ठरतं. जितके कमी, तितकं डोकं मोकळं.

सुरुवात होते काय शिकवायचं यापासून. सगळ्या संघाने मिळून प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात दाबून खेळायचं असेल तर अकरा जणांचं अंतर आणि वेळ जुळायला आठवडे लागतात. ते दोन सरावांत बसवायला जाणारा प्रशिक्षक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो, कारण सात जण पुढे धावतात, चार मागे थांबतात आणि मधल्या मोकळ्या जागेतून गोल होतो. उलट कॉर्नर आणि फ्री-किक कमी वेळात शिकवता येतात. थांबलेला चेंडू, ठरलेल्या जागा, ठरलेल्या धावा. २०१८ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या १२ पैकी ९ गोल पेनल्टी धरून अशाच थांबलेल्या चेंडूंवर झाले. कॉर्नरच्या वेळी चार-पाच खेळाडू एकामागोमाग रांगेत उभे राहायचे आणि चेंडू उडाला की वेगवेगळ्या दिशांना फुटायचे. ज्याला अडवायचं तो माणूस सापडेपर्यंत बचावपटूचा एक सेकंद जायचा. एका विंडोत आक्रमणाचे दोन नवे कॉर्नर आणि बचावाची एकच पद्धत, यापेक्षा जास्त देऊ नये. तिसरा डाव शिकवला की पहिला विसरला जातो.

व्हिडिओची बैठकही तशीच आखूड ठेवायची. १५ ते २० मिनिटं, दहाच्या आसपास क्लिप. बैठक ४० मिनिटांवर गेली की ती खेळाडूंसाठी उरत नाही, प्रशिक्षकाच्या मनाच्या समाधानासाठी चाललेली असते. खेळाडू हे बरोबर ओळखतात.

दडपण चढलं की प्रशिक्षक दोन टोकांपैकी एकाकडे झुकतो. एक तर तो ओळखीच्या रचनेला चिकटून बसतो, नाहीतर सगळंच उलटंपालटं करतो. पहिल्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे नोव्हेंबर २०१७ चा इटली. विश्वचषकाच्या प्ले-ऑफमध्ये स्वीडनने सोल्ना इथे १-० जिंकलं होतं. तीन दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, मिलानच्या सान सिरोवर इटलीला गोल हवाच होता. प्रशिक्षक जान पिएरो व्हेंचुरा यांनी ३-५-२ ही रचना (तीन बचावपटू, पाच मध्यरक्षक, दोन आक्रमक) सोडली नाही, आणि बंद बचाव उघडू शकणारा लोरेंझो इन्सिन्ये बाकावरच बसून राहिला. डॅनिएले डी रोस्सी या बचावात्मक मध्यरक्षकाला वॉर्म-अप करायला सांगितल्यावर त्याने इन्सिन्येकडे बोट दाखवून, आपल्याला जिंकायचंय, मला कशाला पाठवता, अशा अर्थाची कुरबूर केली. ते कॅमेऱ्यात टिपलं गेलं. सामना ०-० सुटला आणि १९५८ नंतर पहिल्यांदा इटली विश्वचषकाबाहेर राहिला. चूक तिथे, त्या मिनिटाला घडली असं लोक म्हणतात. मला ती आधीची वाटते. ‘६० व्या मिनिटाला गोल नसेल तर काय’ या प्रश्नाचं उत्तर आधी कागदावर असतं, तर बाकावरच्या अनुभवी खेळाडूला ते जाहीरपणे विचारावं लागलं नसतं.

दुसऱ्या बाजूला २०२२ च्या विश्वचषकातला अर्जेंटिना बघा. ३६ सामने अपराजित राहिलेला संघ २२ नोव्हेंबरला सौदी अरेबियाकडून १-२ हरला. चार दिवसांनी मेक्सिकोविरुद्ध हरले असते तर घरी. प्रशिक्षक लिओनेल स्कालोनींनी सुरुवातीच्या अकरांत पाच बदल केले. बाहेरून बघणाऱ्याला ही घबराट वाटावी. पण बदललेले खेळाडू त्याच रचनेत, त्याच कामांसाठी आधीपासून तयार होते. एन्झो फर्नांडेझ बाकावरून आला आणि त्याने दुसरा गोल केला, सामना २-०. पुढच्या पोलंडविरुद्धच्या सामन्यात तो आणि हुलियान आल्वारेझ दोघेही पहिल्यापासून खेळले. माणसं बदलली, काम तेच राहिलं. पाच बदल आणि नवी रचना असं दोन्ही एकदम केलं असतं तर खेळाडूंना एकमेकांच्या जागा शोधाव्या लागल्या असत्या.

आता आपल्याकडे. भारताच्या प्रशिक्षकाची अडचण युरोपातल्या प्रशिक्षकापेक्षा वेगळी आहे, कारण त्याला विंडोबाहेरही सामने खेळावे लागतात, आणि तेव्हा क्लबने खेळाडू सोडलाच पाहिजे असं बंधन नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील (मुंबई एफसीचे कित्येक वर्षं प्रशिक्षक राहिलेले) भारताचे प्रशिक्षक झाले आणि लगेच काफा नेशन्स कप ही मध्य आशियातली स्पर्धा समोर उभी राहिली. स्पर्धेचा पहिला सामना २९ ऑगस्टला, विंडो उघडण्याच्या आधी. त्यामुळे हवे ते सगळे खेळाडू मिळाले नाहीत. तरी ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ हरवलं आणि शेवटी ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरा क्रमांक मिळवला. अशा वेळी शहाणा प्रशिक्षक दोन याद्या ठेवतो. एक हव्या असलेल्या २३ जणांची आणि दुसरी क्लबने नकार दिला तर प्रत्येक जागी कोण, याची. दुसरी यादी पहिल्या नकारानंतर करायला घेतली तर उशीर झालेला असतो, कारण तोपर्यंत त्या खेळाडूच्या व्हिसाचीही वेळ टळलेली असते.

पण खरी कसोटी ऑक्टोबरमध्ये झाली. आशिया चषक पात्रता, सिंगापूरशी पाच दिवसांत दोन सामने. ९ तारखेला सिंगापूरमध्ये १-१. बचावपटू संदेश झिंगनला दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच दुसरं पिवळं कार्ड मिळून बाहेर जावं लागलं, तरी रहीम अलीने ९० व्या मिनिटाला बरोबरी साधली. १४ तारखेला मडगावच्या फातोर्डा मैदानावर, त्या कार्डांमुळे बाहेर बसलेल्या झिंगनशिवाय, लालियानझुआला छांगतेने १४ व्या मिनिटालाच आघाडी मिळवून दिली. मध्यांतराच्या तोंडावर आणि मग ५८ व्या मिनिटाला सिंगापूरच्या साँग उई-यंगने गोल केले, सामना १-२. २०२७ च्या आशिया चषकाचा रस्ता बंद झाला.

यातून शिकण्यासारखं आहे ते कार्डांचं व्यवस्थापन. परतीचा सामना पाच दिवसांवर असताना बचावाचा म्होरक्या पिवळ्या कार्डावर मध्यांतराला आत आला, तर त्याला ठेवायचं की काढायचं हे त्या १५ मिनिटांत ठरवू नये. आदल्या दिवशीच एका कागदावर तीन नावं लिहायची: ज्यांच्याशिवाय पुढचा सामना अवघड आहे असे तीन. त्यांना पिवळं कार्ड मिळालं की कोण येणार आणि गोलफरक किती असेल तर थांबायचं, तेही तिथेच लिहायचं. अनेकदा उत्तर ‘ठेवायचं’ असंच येतं, आणि ते चूक ठरेलच असं नाही. पण ते धावपळीत घेतलेलं नसावं.

भारतीय प्रशिक्षकावर आणखी एक दडपण असतं, समारंभाचं. ६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्धचा सामना विश्वचषक पात्रतेसाठी जवळजवळ निर्णायक होता, आणि त्याच दिवशी सुनील छेत्रीचा निरोपही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरल्याचं ओझं आधीच डोक्यावर. अशा सामन्यात प्रशिक्षकाला मध्येच निरोपाच्या खेळाडूला बाहेर काढता येत नाही, स्टेडियम ऐकणार नाही. एक बदल हातातून गेलाच म्हणायचा. सामना ०-० झाला, पाच दिवसांनी दोह्यात कतारने २-१ हरवलं (चेंडू रेषेबाहेर जाऊनही गोल दिला गेला, तो वाद वेगळा) आणि प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना महासंघाने काढलं. निरोप आणि निर्णायक सामना एकत्र ठेवू नये हे सांगायला फुटबॉलपंडित लागत नाही. मात्र तारीख प्रशिक्षकाच्या हातात नसेल, तर निदान सत्कार, फुलं आणि भाषणं सामना संपल्यावर ढकलावीत.

शूटआउटवर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त शिव्या प्रशिक्षक तिथे खातो आणि सगळ्यात जास्त तयारीही तिथेच शक्य आहे. विश्वचषकाच्या शूटआउटमध्ये दहापैकी साधारण सात किक आत जातात. उरलेल्या तिनांमध्ये नशीब किती आणि तयारी किती, यावर वाद घालता येईल. पण २०१८ पर्यंत विश्वचषकातला एकही शूटआउट न जिंकलेल्या इंग्लंडने तयारीची बाजू घेतली. पूर्वी त्यांचे खेळाडू शिट्टी वाजली रे वाजली की धावायचे, कधी एकदा संपतंय असं. साउथगेटच्या संघाने शिट्टीनंतर थांबून श्वास घ्यायचा, मग धावायचं, असा सराव केला, तोही दमलेल्या पायांनी. कोलंबियाविरुद्ध १-१ नंतर ४-३ ने जिंकले.

मग ११ जुलै २०२१, युरोचा अंतिम सामना, वेम्बली, इटली. १२० व्या मिनिटाला मार्कस रॅशफोर्ड आणि जेडन सँचो एकाच वेळी आत आले, खास पेनल्टीसाठी. रॅशफोर्डची किक खांबावर आदळली, सँचो आणि पाचवा आलेला १९ वर्षांचा बुकायो साका या दोघांच्या किक इटलीचा गोलरक्षक डोन्नारुम्माने अडवल्या. ३-२ इटली. सरावातल्या आकड्यांवरून लावलेला क्रम सरावापुरता बरोबर असेलही. पण बाकावरून उठून आलेल्या खेळाडूला गवत, चेंडू, आवाज यांची सवय व्हायला वेळ लागतो आणि ती मिळायच्या आतच त्याच्यासमोर सगळ्यात अवघड काम ठेवलं गेलं.

त्याच प्रशिक्षकाने तीन वर्षांनी काय केलं ते बघा. युरो २०२४, उपांत्यपूर्व फेरी, स्वित्झर्लंड. कोल पामर ७८ व्या मिनिटाला आला, आयव्हन टोनी १०९ व्या, ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड ११५ व्या. तिघांनीही पेनल्टी मारली. वेळ कमी होता, पण चेंडूला पाय लागायला पुरेसा. पाचही किक आत गेल्या, तिसरी साकाची होती. गोलरक्षक जॉर्डन पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर स्विस खेळाडूंच्या सवयी लिहिलेल्या होत्या. मॅन्युएल अकांजीची किक त्याने त्या नोंदीप्रमाणेच अडवली.

प्रत्यक्षात तयारी अशी करायची. सामन्याच्या दोन दिवस आधी आठ-नऊ नावांचा क्रम ठरवायचा, पाचचा नाही, कारण त्यातले दोन-तीन तोपर्यंत बाहेर गेलेले असतात. शूटआउट सुरू होताना मैदानावर असलेल्यांनाच किक मारता येते. प्रत्येकाशी एकट्याने बोलायचं, ‘मारशील का’ असं घोळक्यात विचारायचं नाही. घोळक्यात कोणी नाही म्हणत नाही, आणि ज्याला नको होतं तोच चौथ्या क्रमांकावर येतो. प्रत्येकाने आपली बाजू आधी ठरवून ती न बदलणं. आणि पेनल्टीसाठीचा बदली खेळाडू ११५ व्या मिनिटाच्या आधी आत.

इथे बदलांचा हिशेब आडवा येतो. आजच्या नियमात पाच बदल, पण खेळ थांबवण्याच्या संधी तीनच. मध्यांतरात केलेला बदल त्यात मोजत नाहीत. जादा वेळ गेला तर आणखी एक बदल आणि आणखी एक संधी, आणि ९० मिनिटांत न वापरलेल्या संधीही पुढे येतात. ८५ व्या मिनिटापर्यंत तिन्ही संधी एकेका खेळाडूवर उधळल्या तर जादा वेळेत खेळ थांबवायची एकच संधी उरते. २०१४ च्या विश्वचषकात तीनच बदल होते. नेदरलँड्सचा प्रशिक्षक लुई व्हान गालने कोस्टा रिकाविरुद्ध शेवटचा बदल जादा वेळेच्या अगदी शेवटपर्यंत राखला, गोलरक्षक टिम क्रुलला आणलं, त्याने दोन किक अडवल्या. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध मात्र ९६ व्या मिनिटालाच तिन्ही बदल संपले होते. क्रुल बाकावर, अर्जेंटिनाच्या चारही किक आत. साहाय्यकांपैकी एकाकडे फक्त हाच हिशेब द्यावा: किती बदल, किती संधी, कोण दमलाय. प्रशिक्षकाने तो डोक्यात ठेवू नये.

पत्रकार परिषदेबद्दल थोडक्यात. ती आदल्या दिवशी असते, चुकवता येत नाही. तीन वाक्यं ठरवून जावं आणि कुठलाही प्रश्न आला तरी त्यांच्याकडेच वळावं. ‘करो या मरो’ स्वतःहून म्हणू नये, ते खेळाडूंच्या फोनवर पाच मिनिटांत पोहोचतं. आणि कागद उघडे ठेवू नयेत. २०१८ मध्ये पनामाविरुद्धच्या सामन्याआधी इंग्लंडच्या साहाय्यक प्रशिक्षकाच्या हातातल्या टिपणाचा फोटो निघाला आणि संभाव्य संघावर दोन दिवस चर्चा रंगली.

महासंघाकडून येणारं दडपण याहून वाईट, कारण त्यावर सराव हा उपाय नाही. २०१८ च्या विश्वचषकाला एक दिवस उरला असताना स्पेनने प्रशिक्षक हुलेन लोपेतेगी यांना काढलं, कारण ते नंतर रेआल माद्रिदला जाणार हे जाहीर झालं होतं. लग्नाच्या आदल्या रात्री आचारी हाकलण्यातलाच प्रकार. फर्नांडो हिएरोने संघ सांभाळला, पण बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात रशियाने शूटआउटमध्ये घालवलं. फ्रान्सने २०१० मध्ये प्रशिक्षकाचा वारस विश्वचषकाआधीच ठरवून ठेवला होता. पुढे दक्षिण आफ्रिकेत खेळाडूंनी सरावालाच नकार दिला. त्या बंडाची कारणं अनेक होती, पण जाणार हे ठरलेल्या माणसाचा शब्द ड्रेसिंग रूममध्ये किती चालणार? पुढच्या नोकरीची किंवा कराराची बोलणी स्पर्धेच्या तोंडावर जाहीर करायची नाहीत, हे प्रशिक्षकाने आणि महासंघाने करारातच लिहून घ्यावं.

राहिला सामन्याचा दिवस. संघ आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी सांगायचा, आणि वगळलेल्यांना सगळ्यांसमोर यादी वाचण्याआधी. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, कारण एकच, आणि खरं. अधिकृत यादी सामन्याच्या सव्वा ते दीड तास आधी द्यायची असते, त्यानंतर वॉर्म-अपमध्ये कोणी जखमी झाला तर कोण येणार हे त्या खेळाडूला आधीच माहीत हवं. मध्यांतराच्या १५ मिनिटांतली चार जाण्या-येण्यात जातात. पहिली तीन-चार मिनिटं खेळाडूंना पाणी पिऊ द्यावं, तेवढ्यात साहाय्यकांशी दोन मुद्दे पक्के करावेत, मग पाच मिनिटं बोलावं. दोनच मुद्दे, एक बचावाचा आणि एक आक्रमणाचा. तिसरा सुचला तर तो ज्याच्याशी संबंधित आहे त्या खेळाडूला बोगद्यातून बाहेर जाताना कानात सांगावा.